दाढेसाठी उघडलेले तोंड

तोंडाच्या आत काहीही झाले तरी मराठी घरांत बहुधा एकच वाक्य ऐकू येते: "तोंड आलंय." जिभेच्या कडेला बारीक फोड आला, तिखटाने गाल जळू लागला, कवळी घासून हिरडी सोलली, टाळू लाल झाला, ओठाच्या आत पांढुरका पट्टा दिसला, सगळ्याला हेच नाव. मग कोणी जाईची पाने चघळते, कोणी साजूक तूप लावते, कोणी 'उष्णता झाली' म्हणून सब्जाचे पाणी पिते, तर कोणी औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणते. बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत बरे वाटतेही. दंतवैद्यकात मात्र या दोन शब्दांत वीस-पंचवीस वेगवेगळी निदाने सामावलेली असतात. त्यांतली काही निव्वळ शरीराची ठेवण असते, काही घासल्या-चावल्याच्या खुणा असतात, काही बुरशी-विषाणूंची करणी असते आणि थोडी कर्करोगाच्या आधीची पायरी असते.

ओठांच्या आतल्या बाजूपासून घशाच्या तोंडापर्यंत पसरलेल्या ओल्या अस्तराला श्लेष्मल त्वचा म्हणतात. गालाच्या आत ती मऊ आणि गुलाबी असते, टाळूवर व हिरड्यांवर घट्ट आणि फिकट, जिभेच्या पाठीवर खरखरीत. ती झपाट्याने नवी होते. गालाच्या आतला थर सुमारे दोन आठवड्यांत पुरता बदलतो, त्यामुळे जेवताना चावला गेलेला गाल इतक्या लवकर भरून येतो. या अस्तराचा रंग, पोत किंवा सलगपणा जिथे बदललेला दिसतो त्या जागेला डॉक्टर 'लीजन' म्हणतात. मराठीत त्याला एकच शब्द नाही. कुठे चट्टा, कुठे फोड, कुठे जखम, कुठे गाठ असे म्हणावे लागते.

दातांच्या दवाखान्यात येणाऱ्या किती जणांच्या तोंडात असे काही असते, हा प्रश्न सोपा वाटतो. त्याची दोन प्रसिद्ध भारतीय उत्तरे शेजारी ठेवली की तो सोपा राहत नाही. चेन्नईत २,०१७ रुग्ण तपासून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण ४.१ टक्के निघाले. मणिपालच्या दंत महाविद्यालयात आलेले १,१९० रुग्ण तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते ४१.२ टक्के निघाले. दोन्ही शहरे दक्षिण भारतातली, दोन्हीकडचे लोक दंत रुग्णालयात आलेले, तपासणारे दोन्हीकडे शिकलेले दंतवैद्य. तरी दशांशचिन्ह एक घर सरकावे तसा आकडा दहापट झाला.

फरक मुख्यतः काय मोजले यातला आहे. चेन्नईच्या पाहणीचा रोख तंबाखू, विडी-सिगारेट, दारू या सवयींशी जोडलेल्या विकृतींवर होता. मणिपालला तोंडाच्या अस्तरावर दिसलेले जवळजवळ सगळे नोंदवले गेले, आणि त्या यादीतल्या पहिल्या चार गोष्टी मुळात आजारात फारशा जमाच होत नाहीत. फोर्डाइसचे दाणे ६.५५ टक्के लोकांत, घासून जाड झालेली त्वचा ५.७९ टक्क्यांत, चिरा पडलेली जीभ ५.७१ टक्क्यांत, ल्यूकोएडिमा ३.७८ टक्क्यांत. खालच्या ओळींत मजकूर गंभीर होत जातो: सुपारीने तोंड आक्रसवणारा सबम्युकस फायब्रोसिस २.०१ टक्के, कर्करोग १.७६, ल्यूकोप्लाकिया हा पुसून न जाणारा पांढरा चट्टा १.५९, जाळीसारखी पांढरी नक्षी उमटवणारा लायकेन प्लेनस १.२० टक्के. महाराष्ट्रात सांगलीच्या एका मोठ्या पाहणीत २४ हजारांवर दंतरुग्ण तपासले गेले, तिथे अस्तराच्या विकृतींचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आले. म्हणून 'इतके टक्के' असे कोणी सांगितले की तपासणाऱ्याने साधे दाणे मोजले का, चिरा मोजल्या का, हे आधी विचारावे लागते. तसे न विचारता दोन गावांचे आकडे एकमेकांशी ताडणे व्यर्थ आहे.

दुसरा फरक कोण आले यातला. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या दंत रुग्णालयात आसपासचे जिल्हे आपले अवघड रुग्ण पाठवतात. शंभरात पावणेदोन जणांना कर्करोग हे प्रमाण अशाच ठिकाणचे असू शकते, गल्लीतल्या दवाखान्याला ते लावता येणार नाही. उलट घरोघर जाऊन तपासले तर दुखणे नसलेलेही मोजले जातात आणि टक्केवारी खाली येते. मोजणीच्या या गोंधळावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये तोंडाच्या अस्तराच्या विकारांसाठी व्याख्या आणि तपासणीची पद्धत सांगणारी मार्गदर्शिका काढली. त्याआधी स्वीडनमध्ये टोनी अ‍ॅक्सेल यांनी २०,३३३ प्रौढांची तोंडे तपासून १९७६ मध्ये तपशीलवार तक्ते छापले होते, तेही पुढच्या पाहण्यांना आधार ठरले.

घरोघरच्या पाहणीत महाराष्ट्राचे नाव जगभर गेले, याची आठवण इथे फारशी ठेवली जात नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतवैद्यकाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख, आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग त्यांचे सहकारी. या चमूने आधी देशाच्या पाच जिल्ह्यांतल्या ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडे तपासली. ते निष्कर्ष १९६९ मध्ये आले, आणि ल्यूकोप्लाकियाचे प्रमाण एका जिल्ह्यात ०.२ टक्के तर दुसऱ्यात ४.९ टक्के असे दिसले. मग पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची पाहणी झाली, ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. लाखाहून अधिक माणसांचे गाल, जिभा, टाळू एकेक करून उजेडात पाहिलेले. मुंबईच्या पोलिसांचाही दहा वर्षे पाठपुरावा करून त्यांच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचे आणि तंबाखूचे नाते तपासले गेले. एक चट्टा आज कसा दिसतो यापेक्षा दहा वर्षांनी त्याचे काय होते हे कळणे किती मोलाचे, हे या कामाने दाखवून दिले.

तपासणाऱ्याला सर्वाधिक वेळा जे दिसते त्यातले पुष्कळसे निरुपद्रवी असते. फोर्डाइसचे दाणे म्हणजे गालाच्या आत किंवा ओठावर दिसणारे रव्यासारखे पिवळट ठिपके. त्या तेलग्रंथी असतात, एरवी केसांच्या मुळाशी असणाऱ्या, इथे केसाविना. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जॉन फोर्डाइस यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले. ल्यूकोएडिमा म्हणजे गालाच्या आतली दुधाळ झाक. गाल ताणला की ती नाहीशी होते, सोडला की परत दिसते, आणि ही ताणण्याची खूणच तिचे निदान आहे. दात जिथे एकमेकांवर बसतात त्या रेषेत गालाच्या आत आडवी पांढरी रेघ अनेकांना असते. चिरा पडलेली जीभ जन्माची सोबत असते. नकाशासारखी जीभ असलेल्या माणसाला काही दिवस एका भागात लाल बेट दिसते, मग ते दुसरीकडे सरकते, आणि तो घाबरून इंटरनेटवर शोधत बसतो. काळसर हिरड्या भारतीयांत अगदी साधारण. या सगळ्यांना औषध नको असते. हे निरुपद्रवी आहे असे डॉक्टरने स्पष्ट सांगणे हाच तिथला उपचार.

पुढचा मोठा गट घासण्याचा. अर्धी तुटलेली दाढ, धारदार झालेली भरणाची कड, सैल कवळी, गाल चावण्याची सवय. जिभेच्या कडेला रोज तेच टोक लागले की आधी त्वचा जाड आणि पांढरी होते, मग फाटते. खालच्या ओठाच्या आत लाळग्रंथीची नळी चावली गेली तर लाळ साचून निळसर फुगा येतो, तो फुटतो आणि पुन्हा भरतो. रात्रीही कवळी न काढणाऱ्या वृद्धांच्या टाळूवर कवळीच्या अगदी आकाराचा लाल चट्टा उमटतो. त्याच्यामागे बहुधा कॅन्डिडा ही बुरशी असते. मधुमेह असला तर तिला आणखी फावते. बरेच आजी-आजोबा वर्षानुवर्षे हा चट्टा घेऊन वावरतात, कारण तो दुखत नाही.

खरे 'तोंड येणे' म्हणजे अ‍ॅफ्थस व्रण. गोल, उथळ, मधे पिवळट, भोवती लाल कडा, आणि आकाराच्या मानाने भलताच झोंबणारा. तो सात ते चौदा दिवसांत खूण न ठेवता भरतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा येतो. परीक्षेचा ताण, गालाला लागलेला ब्रश, लोह, फॉलिक आम्ल किंवा बी-१२ची कमतरता, अशी कारणे त्यामागे सापडतात. शंभर जणांची तोंडे एका दिवशी तपासली तर व्रण थोड्यांतच दिसतात, पण 'कधी आले होते का' असे विचारले तर कितीतरी हात वर होतात. पाहणीतला आकडा त्या एका दिवसाचा असतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

सवयींच्या खुणा मात्र महाराष्ट्रात वेगळ्याच जागी शोधाव्या लागतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. धूर काढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे-लावणारे २४.४ टक्के. इथली तंबाखू तोंडातच राहते. तळहातावर चुना लावून मळलेली चिमूट खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या खाचेत ठेवली जाते आणि तासन्‌तास तिथेच असते. ओठ खाली ओढला की त्या जागेची त्वचा सुरकुतलेली, पांढुरकी, भिजलेल्या कागदासारखी दिसते. चिमटीची जागा माणूस बदलत नाही, म्हणून तपासणारा न विचारताच ओळखतो की बार उजवीकडे लागतो की डावीकडे. हा चट्टा सवय सुटल्यावर काही आठवड्यांत बराचसा मावळतो.

बायकांत तंबाखू येते ती मिश्रीच्या रूपाने. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू कुटून तिची पूड हिरड्यांना बोटाने घासतात. गावाकडून शहरात आलेल्या अनेक कुटुंबांत ती सासूकडून सुनेकडे आली. सुरुवात बऱ्याचदा दाढदुखीवर उपाय म्हणून होते, दुखणे थांबते आणि मिश्री राहते. दवाखान्यात 'तंबाखू खाता का' असे विचारले तर यातल्या बायका प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. 'मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा' असेच विचारावे लागते. शब्द चुकला की नोंद चुकते, आणि नोंद चुकली की टक्केवारीही चुकते.

सुपारीचे प्रकरण तंबाखूहून वेगळे आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. सुपारीने होणारा सबम्युकस फायब्रोसिस हा जवळजवळ संपूर्णपणे सुपारी खाणाऱ्या समाजांचा रोग आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत तो पाहून नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींचा फायब्रोसिस म्हणून त्याचे वर्णन केले, आणि आजचे नाव त्या वर्णनातून रुळले. सुपारीतले अ‍ॅरेकोलीन हे द्रव्य अस्तराखालच्या पेशींना जास्त कोलॅजन तयार करायला लावते. सुपारीतले तांबे त्या कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणणाऱ्या विकराला चेतवते. धागा तयार होतो, पण मोडत नाही. गालाखाली जणू दोरखंड वळला जातो.

तपासताना तो बोटाला कळतो. गालाच्या आत तर्जनी फिरवली की वरून खाली उभे ताठ पट्टे लागतात. अस्तर संगमरवरासारखे पांढुरके झालेले असते, पडजीभ आक्रसून वाकडी झालेली दिसते, जीभ ओठांपलीकडे नीट येत नाही. त्याआधी कित्येक महिने रुग्णाची तक्रार एवढीच असते की मिरची सोसत नाही, आमटीसुद्धा झोंबते. मग गाल फुगवता येत नाहीत, मेणबत्तीवर फुंकर घालता येत नाही, पाणीपुरीची पुरी तोंडात मावत नाही. घरच्या घरी कोणालाही करता येण्याजोगी एक चाचणी आहे: स्वतःची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. तिन्ही सहज जायला हवीत. दोनच जात असतील तर तोंड आक्रसू लागले असे समजावे.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून २००७ मध्ये अशा एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष आणि स्त्रिया यांचे प्रमाण ४.९ ला १ होते. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, मुंबईच्या उपनगरांत पुडी, नावे बदलतात, सुपारी तीच. राज्याने गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी घातली आणि पुढच्या वर्षी सुगंधित सुपारी व सुगंधित तंबाखूही त्यात आली. त्याआधीची २००२ ची बंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नव्हती. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नि:संदिग्ध शब्दांत मांडले. तरीही लग्नात, बारशाला, जेवणानंतर मुलांच्या हातावर गोड सुपारी ठेवली जाते. ती जेवणाच्या ताटाबरोबर निरागसपणे येते, हे या रोगाबाबतचे सर्वांत मोठे दुःख आहे.

केरळच्या एर्नाकुलममध्ये सबम्युकस फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांकडे सतरा वर्षे लक्ष ठेवले गेले, त्यातल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. सुपारी सोडल्यावर झोंबणे कमी होते, व्यायामाने आणि इंजेक्शनांनी तोंड थोडे उघडते, पण आक्रसलेले अस्तर पूर्ववत होत नाही. तंबाखूच्या चट्ट्यापेक्षा हा रोग त्या अर्थाने अधिक निष्ठुर.

ल्यूकोप्लाकिया म्हणजे गॉजने पुसून न जाणारा आणि दुसऱ्या कोणत्याही रोगात न बसणारा पांढरा चट्टा. पुसला गेला तर ती बहुधा बुरशी. दोन्ही गालांवर जाळीसारखी बारीक पांढरी नक्षी असेल तर लायकेन प्लेनसचा विचार होतो. ती नक्षी फ्रेंच डॉक्टर लुई विकॅम यांच्या नावाने ओळखली जाते. कॅन्सरच्या दृष्टीने सगळे पांढरे चट्टे सारखे नसतात. सपाट, एकसारखा पांढरा चट्टा त्या मानाने सौम्य. खरखरीत, गाठाळ, मधूनमधून लाल झालेला चट्टा धोक्याचा. आणि केवळ लाल, मखमलीसारखा, न दुखणारा चट्टा, ज्याला एरिथ्रोप्लाकिया म्हणतात, तो सर्वांत घातक. अमेरिकेत शेफर आणि वॉल्ड्रन यांनी १९७५ मध्ये अशा ६५ चट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ५१ टक्क्यांत कर्करोग खोल शिरलेला होता आणि ४० टक्क्यांत तो उंबरठ्यावर होता. पांढऱ्याची भीती लोकांना वाटते, लालकडे ते 'भाजले असेल' म्हणून पाहतात. दंतवैद्याने लालकडे अधिक बारकाईने पाहावे, हे या आकड्यांचे सांगणे.

मध्य रेल्वेवरच्या बदलापूरच्या पूर्वेचा कात्रप हा या सगळ्या टक्केवारीचा हिशेब मांडून पाहायला चांगला भाग आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ च्या जनगणनेत ती १,७४,२२६ झाली. शेजारी अंबरनाथ अडीच लाखांवर, उल्हासनगर पाच लाखांवर. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून आणि मुंबईच्या चाळींतून आलेली कुटुंबे इथे इमारतींत एकत्र राहतात, आणि त्यांच्याबरोबर मिश्री, मळलेली तंबाखू आणि पुडी या तिन्ही सवयीही. दवाखान्यात माणूस येतो तो दाढ ठणकते म्हणून, दात हलतो म्हणून, कवळी करायची म्हणून. 'गालात पांढरे दिसते' असे सांगत क्वचितच कोणी येते, कारण त्या पांढऱ्याने रात्रीची झोप मोडलेली नसते.

समजा अशा वस्तीतल्या एका दवाखान्यात रोज दहा नवे रुग्ण येतात आणि महिन्याचे पंचवीस दिवस तो उघडा असतो. म्हणजे अडीचशे तोंडे. चेन्नईची टक्केवारी, ल्यूकोप्लाकिया ०.५९ आणि सबम्युकस फायब्रोसिस ०.५५, लावली तर महिन्याला यांतला प्रत्येकी एखाद-दुसरा रुग्ण त्या खुर्चीत बसतो. मणिपालची लावली तर ल्यूकोप्लाकियाचे चार आणि फायब्रोसिसचे पाच. वर्षाला पहिल्या हिशेबाने दोन्ही मिळून पस्तिसाच्या आसपास, दुसऱ्याने शंभरावर. हे रुग्ण उपचारासाठी आधीच पैसे आणि वेळ काढून, तोंड उघडून बसलेले असतात. दिवा त्यांच्या तोंडावर असतो, आरसा डॉक्टरच्या हातात असतो. नजर एका दाढेवरून चार बोटे बाजूला न्यायची एवढेच उरते.

ते बाजूला पाहणे शिस्तीने केले तर दोन-तीन मिनिटांचे काम आहे. आधी कवळी काढायला लावायची. ओठ बंद असताना बाहेरून पाहायचे, मग खालचा ओठ दुमडून आतली बाजू, मग वरचा. दोन आरशांनी एकेक गाल बाहेर ताणून ओठाच्या कोपऱ्यापासून मागच्या दाढेपर्यंत. हिरड्या आणि त्यांच्याखालची खाच. जीभ बाहेर काढायला सांगून तिचे टोक गॉजमध्ये धरायचे आणि ती आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढायची, म्हणजे एरवी झाकलेली मागची कड उजेडात येते. जीभ टाळूला लावायला सांगून तळ पाहायचा. मग मान मागे, टाळू आणि घशाची कमान. संशयाची जागा बोटाने चाचपायची, कारण कडक लागणारी कड डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला लागते. शेवटी हनुवटीखाली आणि मानेला गाठी आहेत का ते दाबून पाहायचे. जिभेची मागची कड आणि जिभेखालचा तळ या जागा सुटल्या तर तपासणी अर्धी राहिली.

अशा नजरेच्या तपासणीने जीव वाचतात हे केरळात सिद्ध झाले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १,९१,८७३ लोकांवर झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य सेवकांनी काही वस्त्यांत ठरावीक काळाने घरोघर तोंडे तपासली, काहींत नाही. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासलेल्या वस्त्यांत ३४ टक्क्यांनी कमी होते. ते आरोग्य सेवक दंतवैद्य नव्हते. त्यांच्याकडे उजेड होता आणि काय शोधायचे याची शिकवण होती. देशातल्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्यांच्या तोंडाची तपासणी आली ती याच धर्तीवर. मेहतांच्या चमूने तीन जिल्ह्यांतल्या छत्तीस हजार तंबाखू घेणाऱ्यांना सवय सोडण्याबद्दल सतत समजावले, तेव्हा नवे ल्यूकोप्लाकिया कमी झाले आणि जुनेही मावळले, हेही १९८० च्या दशकात दिसून आले होते.

चट्टा सापडल्यानंतरची वाट ठरलेली आहे. टोकदार दाढ, तुटलेले भरण, सैल कवळी असे कारण समोर दिसत असेल तर ते आधी दूर करायचे, सवय थांबवायला सांगायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचे. अस्तर तेवढ्या दिवसांत नवे होते, म्हणून ही मुदत. जखम किंवा चट्टा तेव्हाही तसाच असेल तर बायॉप्सी. बायॉप्सीने 'रोग पसरतो' ही समजूत अजून घरोघरी आहे, आणि तिच्यापायी महिने वाया जातात. जागा बधिर करून काढलेला लहानसा तुकडा, एक-दोन टाके, काही दिवसांत अहवाल, इतकेच ते असते. मध्य रेल्वेच्या या टोकाकडून मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, टाटा रुग्णालय परळला. बदलापूर ते टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. रोजंदारी बुडवून एवढा प्रवास करायचा तर गावातल्या डॉक्टरने चिठ्ठीवर नेमके काय पाहिले, कुठे पाहिले, किती दिवसांपासूनचे आहे हे लिहून देणे रुग्णाच्या फार उपयोगी पडते.

बायॉप्सीत पेशी बिघडलेल्या नसल्या तरी रुग्ण सुटत नाही, तो नोंदीत राहतो. चट्ट्याशेजारी मिलिमीटरची छोटी पट्टी धरून फोटो काढला जातो, लांबी-रुंदी केसपेपरवर लिहिली जाते, जिभेच्या किंवा गालाच्या रेखाचित्रावर त्याची जागा रेघेने दाखवली जाते आणि बहुधा तीन ते सहा महिन्यांनंतरची तारीख दिली जाते. त्या तारखेला तेच तोंड त्याच दिव्याखाली उघडले जाते, पट्टी त्याच जागी धरली जाते आणि नवा आकडा जुन्या आकड्याखाली लिहिला जातो.